पांढऱ्या टोपीचा सण

(मंडळाच्या मासिक व्याख्यानात दिलेले भाषण, स्मरणिकेसाठी थोडे सावरून)



या जागी वक्ता म्हणून उभं राहायची माझी ही पहिलीच वेळ. एरवी मी या हॉलमध्ये मागच्या दाराशी, पावतीपुस्तकाच्या टेबलाजवळ बसलेला असतो. तुमच्यापैकी बहुतेकांनी माझ्याकडून वर्गणीची पावती घेतली आहे आणि काहींनी दोन-तीन आठवणी दिल्यावर घेतली आहे. त्यामुळे आज समोर उभं राहताना जरा चुकल्यासारखं वाटतंय. अध्यक्ष म्हणाले, तुम्ही नऊ महिने फिनलंडला राहून आलात, त्यावर बोला. मी म्हटलं, सगळ्या फिनलंडवर बोलण्याइतकी माझी तयारी नाही. तिथल्या विद्यार्थ्यांचा एक सण मी पाहिला, त्यावर बोलतो. त्यातून आपल्या मंडळाविषयीही काही सांगायचं आहे, पण ते शेवटी.

आधी मी तिथे गेलोच कसा, ते सांगतो, कारण त्यावर या हॉलमध्ये बरीच चर्चा झाली होती आणि ती माझ्या कानावर आली होती. मी राज्य सरकारच्या एका बांधकाम खात्यात सब-इंजिनिअर. शिक्षण पॉलिटेक्निकचा सिव्हिल डिप्लोमा. माझी पत्नी रसायनशास्त्रात पीएचडी. तिला हेलसिंकीजवळच्या आल्तो विद्यापीठात एक वर्षाचं संशोधनाचं काम मिळालं. तिथे लाकडाच्या लगद्यापासून कापडाचा धागा काढण्यावर मोठं काम चालतं, त्यातलाच एक भाग. ती 2018 च्या ऑगस्टमध्ये पुढे गेली. मी आपल्या गणपतीचं विसर्जन, हिशेब आणि ऑडिटरची सही हे सगळं उरकून बिनपगारी रजेवर ऑक्टोबरात गेलो. ‘बायकोच्या मागे गेला’ असं कुणी म्हणालं. खरंच आहे, मागेच गेलो. विमानात तिची सीट पुढे असती तर तिथेही मागेच बसलो असतो. ऑफिसातल्या मित्रांचा राग वेगळाच होता. नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूक, मे महिन्यात लोकसभेची. दोन्ही इलेक्शन ड्यूट्या चुकवून हा पठ्ठ्या बर्फात जाऊन बसला, हे त्यांना अजून सहन झालेलं नाही.

आम्ही राहत होतो ओतानिएमीला. हेलसिंकीला लागून एस्पो नावाचं शहर आहे, त्यातलं समुद्रकाठचं हे विद्यापीठाचं गाव. गाव म्हणजे खरोखर विद्यार्थ्यांचं गाव. 1949 साली आल्वार आल्तो या त्यांच्या थोर वास्तुरचनाकाराने पत्नी आइनोसह याचा आराखडा स्पर्धेत जिंकला. युद्धानंतर घरांची टंचाई होती, म्हणून तंत्रशिक्षणाच्या विद्यार्थ्यांनी आपल्या संघटनेमार्फत पैसा उभा केला, स्वतः अंगमेहनत केली आणि इथे राहण्याच्या इमारती उभारल्या. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकच्या वेळी सोव्हिएत आणि पूर्व युरोपच्या खेळाडूंना त्याच इमारतींत उतरवलं होतं. मी बांधकामवाला माणूस. रोज फिरायला निघालो की त्या लाल विटांच्या भिंतींचे जोड बघत जायचो. सत्तर वर्षं होत आली तरी रेषा सरळ.

त्या गावात माझं काम काय? स्वयंपाक, कपडे, दुकान. दिवाळीपर्यंत गंमत वाटली. मग काळोख सुरू झाला. डिसेंबरात तिथे दिवस जेमतेम सहा तासांचा, आणि तोही ढगांत गुरफटलेला. लोक भले, पण बोलत नाहीत. बसमध्ये शेजारची जागा मोकळी असली तरी माणूस उभा राहील, तुम्हाला त्रास नको म्हणून. इंदुरात सकाळी पोह्याच्या गाडीवर अनोळखी माणूसही ‘और भिया’ म्हणून हालहवाल विचारतो. त्या सवयीच्या माणसाला ही शांतता फार जड जाते. जानेवारीत एकदा मी नुसतं मराठी ऐकायला मिळावं म्हणून आपल्या मंडळाच्या गेल्या वर्षीच्या आरतीचं मोबाईलवरचं रेकॉर्डिंग तीनदा ऐकलं. त्यात मागे माझाच आवाज होता, ‘अहो, पावती घेऊन जा’ म्हणणारा.

आमच्या जिन्यात वरच्या मजल्यावर विद्यार्थी राहत. एकोणीस-वीस वर्षांची मुलं-मुली. ही मुलं अंगात एक विचित्र पोशाख घालून हिंडत. कारखान्यातला मेकॅनिक घालतो तसा सबंध एकसंध डगला, त्याला ते हालारी म्हणतात. प्रत्येक शाखेचा रंग ठरलेला. त्यावर कापडाचे शेकडो बिल्ले शिवलेले, जिथे गेले, जे काम केलं, त्याचा एकेक बिल्ला. बहुतेक वेळा डगल्याचा वरचा भाग कमरेला गुंडाळलेला. मला आधी वाटलं, वर्कशॉपला चाललेत. नंतर कळलं, गाण्याच्या पंगतीला चाललेत. टेबलाशी रांगेत बसून गाण्यांचं पुस्तक हातात धरून जेवता जेवता गाणी म्हणायची, अशी त्यांची पंगत असते.

तंत्रशाखेच्या विद्यार्थ्याला तिथे तेक्कारी म्हणतात. पहिल्या वर्षाचा तो फुक्सी. फुक्सीला लगेच कोणी तेक्कारी म्हणत नाही. त्याच्या हातात एक कार्ड असतं. वर्षभरात अमुक कार्यक्रमांना जायचं, अमुक ठिकाणी वाढायला उभं राहायचं, खुर्च्या लावायच्या, जुनी गाणी शिकायची, आपल्या शाखेचा इतिहास माहीत करून घ्यायचा, आणि प्रत्येकाचे गुण कार्डावर मिळवायचे. पुरेसे गुण झाले की एप्रिलअखेरच्या सणाला त्याला गोंडा लावलेली पांढरी टोपी घालायला मिळते. नवख्यांवर देखरेख करायला त्यांच्यातलाच एक थोडा मोठा विद्यार्थी निवडलेला असतो. तो वर्षभर धमकी देत असतो की तुम्ही नीट वागला नाहीत तर यंदा सणच येणार नाही! सण दरवर्षी येतोच. पण धमकीही दरवर्षी तितक्याच गांभीर्याने दिली जाते आणि ऐकली जाते.

या सणाचं नाव वाप्पु. 30 एप्रिलची संध्याकाळ आणि 1 मे. युरोपात वसंताच्या स्वागताचा हा जुना दिवस. फिनलंडमध्ये तो कामगारांचाही दिवस आहे, सकाळी लाल झेंड्यांचे मोर्चे निघतात. आणि तो विद्यार्थ्यांचाही दिवस. हे सोपं नाही. 1918 मध्ये त्या देशात आपसात युद्ध झालं, लाल विरुद्ध पांढरे. पुष्कळ काळ पांढरी टोपी दिसली की कामगारवस्तीत कपाळाला आठ्या पडत. आज दोघं एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर.

आपल्याला पांढरी टोपी म्हटलं की आजोबा आठवतात. तिथे ती शालान्त परीक्षा पास झाल्याची खूण आहे. मखमली पांढरी, खाली काळी पट्टी, पुढे काळी चकचकीत झडप. अठरा-एकोणिसाव्या वर्षी मिळालेली ही टोपी माणूस जन्मभर जपतो आणि दर वाप्पुला काढून घालतो. गोंड्याची टोपी तंत्रवाल्यांची वेगळी.

ओतानिएमीत मात्र वाप्पु एका संध्याकाळचा नसतो. एप्रिलच्या मध्यापासून रोज काही ना काही. अंगणात फळ्या ठोकल्या जाताहेत, विद्यार्थ्यांचा स्वतःचा रेडिओ सुरू झालाय, विनोदी मासिकाचे गठ्ठे घेऊन फुक्सी मुलं शहरभर विकत फिरताहेत. त्यांची दोन मासिकं आहेत, ॲपु आणि युल्क्कु, एक विषम सालात निघतं आणि एक सम सालात. मी पाहिलं ते 2019, म्हणजे ॲपुचं वर्ष. मी एक प्रत विकत घेतली. एक अक्षर कळलं नाही. पण विकणाऱ्या मुलीने ज्या तळमळीने ती माझ्या गळ्यात मारली, त्यावरून ही पोरगी आपल्याकडे वर्गणीला कामाची आहे, एवढं कळलं.

आता माझ्या डिप्लोम्याची गोष्ट.

आमच्या इमारतीमागच्या अंगणात सात-आठ मुलं लाकडाचं एक व्यासपीठ उभं करत होती. मी खिडकीतून दोन दिवस पाहिलं. तिसऱ्या दिवशी राहवेना. खांब उभे होते, आडव्या फळ्या होत्या, पण तिरप्या पट्ट्या एकही नाही. वर पन्नास माणसं नाचायला लागली तर ते सगळं चौकोनाचं तिरकं होऊन बसलं असतं. मी खाली उतरलो. माझ्या इंग्रजीत आणि हाताच्या खुणांनी सांगितलं. त्यांच्यातल्या एकाने खांब धरून हलवून पाहिला, मान डोलावली आणि विचारलं, तुम्ही काय करता? मी म्हटलं, इंजिनिअर. डिप्लोमा इंजिनिअर.

झालं. मुलं एकदम सरळ उभी राहिली. माझ्या हातात कॉफी आली. माझ्यासाठी खुर्ची आली. मला कळेना, डिप्लोमा ऐकून कुणी खुर्ची देण्याची ही माझ्या आयुष्यातली पहिलीच वेळ. घरी येऊन पत्नीला सांगितलं तर ती हसून लोटपोट. फिनलंडमध्ये ‘दिप्लोमी-इन्सिनोरी’ ही पदव्युत्तर पदवी आहे. विद्यापीठात पाच-सहा वर्षं घालवून ती सगळी मुलं जे व्हायला धडपडत होती, तेच मी त्यांना आपण आहोत म्हणून सांगून आलो होतो.

मंडळी, दुसऱ्या दिवशीच जाऊन खुलासा करायला हवा होता. मी केला नाही. एक आठवडा केला नाही. रोज खाली जायचो, मापं सांगायचो, पट्ट्यांचा कोन दाखवायचो, कॉफी प्यायचो. इथे सरकारी नोकरीत काय आहे, ते नोकरीतल्या मंडळींना सांगायला नको. डिग्रीवाला एका पायरीवर लागतो, डिप्लोमावाला खालच्या. वीस वर्षं साइटवर उन्हात उभं राहिलं तरी ती पायरी कपाळावर लिहिलेली असते. एका बैठकीत एका नव्या अधिकाऱ्याने मला सगळ्यांसमोर सांगितलं होतं, ‘तुम्ही डिप्लोमावाले, मोजमापं लिहा. विचार आम्ही करू.’ ते वाक्य मी कधी कुणाला सांगितलं नाही, घरीसुद्धा नाही. त्यामुळे तो एक आठवडा मला फार गोड लागला.

मग मन खायला लागलं. व्यासपीठ पूर्ण झालं त्या संध्याकाळी मी त्या मुलाला बाजूला घेऊन सांगितलं. आमच्याकडे डिप्लोमा म्हणजे तुमच्यासारखा नाही, दहावीनंतरची तीन वर्षं, पदवीच्या खालची. तो क्षणभर थांबला. मग म्हणाला, मग या तिरप्या पट्ट्या तुम्हाला कुणी शिकवल्या? मी म्हटलं, नोकरीने. तो म्हणाला, बरं, मग उद्या कठडाही बघून द्याल का? झालं, एवढंच. खुर्ची गेली नाही, कॉफी गेली नाही. जाताना त्याने त्यांच्या शाखेचा कापडी बिल्ला दिला. तो हा बघा, माझ्या ऑफिसच्या बॅगेला आतून शिवलाय. बाहेरून शिवायचं धाडस झालं नाही.

30 एप्रिलला आम्ही मेट्रोने हेलसिंकीला गेलो. बाजारचौकात बंदराजवळ कारंज्यात एका स्त्रीचा काशाचा पुतळा आहे, हाविस आमांडा. लोक लाडाने मांता म्हणतात. विले वाल्ग्रेन नावाच्या शिल्पकाराने तो पॅरिसला घडवला, 1908 मध्ये इथे बसवला. पुतळा अनावृत आहे, तेव्हा त्यावर बराच गदारोळ झाला होता. आज ती शहराची लाडकी लेक आहे. संध्याकाळी सहाला क्रेनच्या पाळण्यात बसून विद्यार्थी वर जातात, साबणाच्या पाण्याने तिला ब्रशने घासून आंघोळ घालतात आणि डोक्यावर भली मोठी पांढरी टोपी चढवतात. कोणत्या विद्यार्थी संघटनेने हे करायचं, त्याची पाळी ठरलेली असते. खाली हजारो माणसं. टोपी बसली रे बसली की त्या हजारोंनी आपापली टोपी डोक्यावर घातली. सूर्य अजून चांगला वर होता. आदल्या चार महिन्यांत एक शब्द न बोललेली माणसं एकमेकांना हाका मारत होती. आमच्या डोळ्यांना तो अभिषेकच. पत्नी म्हणाली, फक्त ताम्हन नाही.

खोटं सांगणार नाही, त्या रात्री दारू वाहते. रस्त्यात काचा, गवतावर झिंगलेली पोरं, हे सगळं होतं. आपल्या मुलांनी ते उचलावं असं मी म्हणत नाही. पण नुसतं तेवढंच पाहून परत येणारा माणूस काही न पाहताच येईल.

खाण्याचंही सांगतो, नाहीतर इंदूरकर माफ करणार नाहीत. वाप्पुला सिमा नावाचं पेय घरोघरी करतात. पाणी, लिंबू, साखर, चिमूटभर यीस्ट, आणि बाटलीत चार मनुका. काही दिवसांत मनुका फुगून वर तरंगल्या की सिमा तयार. पत्नीने केली. आम्ही दोघं रोज सकाळी बाटलीपुढे वाकून मनुका वर आल्या का बघायचो. सोबत साखरेत घोळलेले गोल वडे, मुंक्की. आणि तिप्पालेइपा. हे पाहून मी ओरडलोच. कढईत पीठ पिळून गोल-गोल तळलेली चक्क जिलेबी! पण पाकात बुडवलेली नाही, वरून नुसती पिठीसाखर भुरभुरलेली. म्हणजे सराफ्यातल्या हलवायाला झोप लागली आणि पाक करायचा राहिला.

1 मेच्या सकाळी कैवोपुइस्तो नावाच्या समुद्राकाठच्या बागेत, टेकडीवर, सगळं शहर चटया घेऊन बसतं. थंडी, वारा, पण कुणाला पर्वा नाही. विद्यार्थ्यांचं गायकवृंद नऊ वाजता वसंताची गाणी म्हणतं. तिथे बसल्या बसल्या माझ्या लक्षात आलं, अरे, आज महाराष्ट्र दिन. 1960 साली झालेलं राज्य. आपली घराणी होळकरांबरोबर माळव्यात उतरली तेव्हा महाराष्ट्र नावाचं राज्यच नव्हतं. आणि जे झालं त्यात आपलं घर नाही. आपली मराठी कुठल्या सरकारने टिकवलेली नाही. ती घरातल्या बोलण्याने टिकली आणि अशा हॉलमधल्या सतरंज्यांवर टिकली.

आमच्या शेजारच्या चटईवर एक म्हातारे गृहस्थ होते. ऐंशीच्या आसपासचे. डोक्यावर गोंड्याची टोपी, पण तिचा रंग चहाच्या गाळणीसारखा झालेला. मी विचारलं, किती जुनी? म्हणाले, 1961. त्या वर्षी मी फुक्सी होतो. मग त्यांनी एक गोष्ट सांगितली, जी तिथल्या प्रत्येक तेक्कारीला पाठ असते. स्वीडनमध्ये वासा नावाचं राजाचं जहाज 1628 साली पहिल्याच फेरीत बुडालं होतं. 1961 च्या एप्रिलमध्ये ते स्टॉकहोमच्या बंदरातून वर काढलं, सगळं जग बघत होतं. आणि त्या तीनशे वर्षांपूर्वीच्या जहाजावर काय सापडलं? विसाव्या शतकातल्या पावो नुर्मी या फिनलंडच्या धावपटूची छोटीशी मूर्ती! ओतानिएमीच्या पोरांनी आदल्याच काही दिवसांत पाण्यात उतरून ती ठेवली होती. अशा खोडीला ते ‘यॅयना’ म्हणतात. तिचा नियम असा की जिची खोडी काढली तिलाही हसू आलं पाहिजे, नाहीतर ती यॅयना नव्हे. म्हातारे म्हणाले, त्या वर्षीचे सगळे सांगतात की मी तिथे होतो. मी नव्हतो. मी त्या दिवशी भांडी घासत होतो, कार्डावर गुण हवे होते.

मी विचारलं, आता या सगळ्यात तुमच्याकडे काय काम असतं? ते म्हणाले, मागितले तर पैसे देतो. बोलावलं तर येतो. आणि गाण्याची ओळ कुणाला आठवली नाही तर सांगतो.

इतकं सांगून ते परत सिमा प्यायला लागले. मी मात्र तिथून मनाने उठून या हॉलमध्ये आलो.

2017 च्या गणपतीआधीची कार्यकारिणीची बैठक काहींना आठवत असेल. आपल्याच घरांतली पाच मुलं आली होती, चार मुलगे आणि एक मुलगी. सगळी कॉलेजातली. म्हणाली, दहा दिवसांतली एक संध्याकाळ आम्हाला द्या. कार्यक्रम आम्ही ठरवू, निवेदन आम्ही करू, खर्चाला 15,000 रुपये द्या, पै-पैचा हिशेब देऊ. कागदावर सगळं लिहून आणलं होतं, मराठीत. त्यात चार शुद्धलेखनाच्या चुका होत्या, त्या मी आधी दाखवल्या. मग कोषाध्यक्ष म्हणून मी म्हणालो, ‘आधी दहा वर्षं सतरंज्या उचला, मग बोला.’ सगळे हसले. मलाही बरं वाटलं, की आपण चांगलं बोललो. त्या वर्षी ती मुलं आरतीलाही आली नाहीत. आणि आपण वर्षभर म्हणत राहिलो, की हल्लीच्या पोरांना संस्कृतीची ओढ नाही.

मोजमापं तुम्ही लिहा, विचार आम्ही करू. सतरंज्या तुम्ही उचला, बोलू आम्ही. शब्द वेगळे, वाक्य तेच. मला जे वीस वर्षं खुपत होतं, ते मी एका मिनिटात पाच जणांना देऊन टाकलं होतं, आणि वर टाळ्या घेतल्या होत्या.

तुम्ही म्हणाल, फुक्सी मुलं पण खुर्च्याच लावतात ना, भांडीच घासतात ना. खरं आहे. पण त्यांना तो हिशेब पहिल्या दिवशी सांगितलेला असतो. वर्षभर काम करा, एप्रिलअखेर टोपी. आणि पुढल्या वर्षी तोच मुलगा नवख्यांना शिकवत असतो, तिसऱ्या वर्षी पैशाची पेटी त्याच्या हातात असते. चौथ्या-पाचव्या वर्षी तो बाजूला होतो, कारण मागून दुसरे आलेले असतात. आपल्याकडे सतरंजी उचलणाऱ्याला ती कधीपर्यंत उचलायची, हे कुणीच सांगत नाही. मी स्वतः कोषाध्यक्ष आहे, चौदा वर्षं. कुणी काढलं नाही, मी सोडलं नाही.

तिथे आणि इथे फरक आहे, मला मान्य आहे. तिथे विद्यार्थी संघटनेचं सभासदत्व सक्तीचं, त्यांच्या स्वतःच्या इमारती, त्यांचं उत्पन्न. आपल्याकडे छताची गळती काढायला दोन वर्षं वर्गणी गोळा करावी लागते. चूक झाली तर निस्तरायला त्यांच्याकडे पैसा आहे, आपल्याकडे नाही. म्हणून आपण भितो. पण भिण्याआधी आपल्याच शहराकडे बघा. अनंत चतुर्दशीच्या रात्री इंदुरात गिरण्यांच्या झांक्या निघतात. आपण सगळे लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून पाहत आलो. हुकुमचंद मिल 1991 मध्ये बंद पडली. मजुरांची देणी वर्षानुवर्षं अडकली. गिरणी नाही, पगार नाही, भोंगा नाही. तरी झांकी निघत राहिली, मजुरांनी वर्गणी करून काढली. कारण ती मालकाची आहे असं त्यांना कधी वाटलंच नाही, ती आपली वाटत होती. आता मला सांगा, हे मंडळ आपलं आहे असं वाटायला त्या पाच मुलांना आपण काय दिलं होतं?

जूनमध्ये परत आल्यावर मी त्या चार मुलांचे नंबर मिळवून फोन केले. माफी मागायला केले, पण आधी इकडचं-तिकडचंच बोललो. दोघं पुण्याला, एक बंगळुरूला, एक कॅनडाच्या वाटेवर. एकाने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘काका, तेव्हा फार वाटलं होतं. आता राग नाही, पण आता जमणारही नाही.’ त्याच्या आवाजात खरंच राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

नंतर करोनाची दोन वर्षं आली. दहा माणसांत आरती, हॉलला कुलूप. कुलपाची किल्ली माझ्याकडे होती. मी अधूनमधून येऊन झाडून जायचो आणि या रिकाम्या हॉलमध्ये उभं राहून विचार करायचो, की पंधरा वर्षांनी हा असाच दिसेल, आणि तेव्हा करोना नसेल.

म्हणून कार्यकारिणीपुढे मी लेखी प्रस्ताव दिला आहे, तो सर्वांसमोर वाचतो. यंदाच्या उत्सवातली एक पूर्ण संध्याकाळ पंचविशीच्या आतल्या मुलांची. कार्यक्रम त्यांचा, निवेदन त्यांचं. 20,000 रुपये आगाऊ, माझ्या सहीने, एकही प्रश्न न विचारता. हॉलची किल्ली तीन दिवस त्यांच्याकडे. त्या संध्याकाळी आपल्यापैकी कुणीही व्यासपीठावर चढायचं नाही, सत्काराला नाही आणि ‘दोन शब्द’ बोलायलाही नाही. कार्यक्रम पडला तर पडू दे, आपलेही पुष्कळ पडले आहेत. मराठीत चुका झाल्या तर दुसऱ्या दिवशी घरी बोलावून, खाऊ घालून सांगायच्या. आणि पुढच्या वर्षी कोषाध्यक्षपद मी सोडतो आहे. नव्या माणसाला पावतीपुस्तक समजावून सांगायला टेबलाच्या बाजूला बसेन, समोर नाही.

त्या पाचांतली चार गेली. पाचवी अजून इंदुरातच आहे. नोकरी करते, आणि कुणी बोलावलं नसताना गेले सहा महिने आपल्या कार्यक्रमांना येऊन माईकचं बघते. या क्षणी ती त्या कोपऱ्यात मशीनजवळ बसली आहे. प्रस्तावाचा कागद तिनेच टाइप केला, आणि त्यात माझ्या दोन शुद्धलेखनाच्या चुका काढल्या.

तिने मला आत्तापर्यंत दोनदा वेळ संपल्याची खूण केली आहे. माईकचं बटण तिच्या हातात आहे. तेव्हा थांबतो.

गणपती बाप्पा मोरया.